चारशे बारा मिलिमीटर

ड्राइव्हवर लाल आकडा: एकतीस.
म्हणजे एन्कोडरचा संदेश तुटला.
कुठे तुटला, कशानं, ते पुस्तकात नाही.
पुस्तक म्हणतं, केबल पाहा, नाहीतर हेड बदला,
नाहीतर ड्राइव्ह, नाहीतर आम्हाला कळवा.
आम्ही म्हणजे मी.

रॉकफर्ड, इलिनॉय. जानेवारी, बाहेर उणे अठरा.
माझ्याआधी तिघं येऊन गेले.
दोन ड्राइव्ह बदलले, एक हेड.
चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही तीनदा,
आणि दर फाशीचं बिल वेगळं.
काढलेले ड्राइव्ह फळीवर होते.
मी एकेक लावून पाहिला. दोघेही निर्दोष.

या यंत्राला ना स्क्रू, ना पट्टा, ना दात्यांचं चाक.
खाली चुंबकांची रांग, वर तांब्याची गुंडाळी,
मध्ये पाऊण मिलिमीटर हवा.
शिवायचं नाही, नुसतं ढकलायचं,
आणि थांबायचं ते केसाच्या पन्नासाव्या भागावर.
जवळ वाकले तर खिशातला पाना ओढून घेतलान्
आणि सोडवायला दोन माणसं लागली.
इतकी ताकद, पण आपण कुठे आहोत
हे त्याचं त्याला कळत नाही.
काचेच्या पट्टीवरच्या रेघा मोजणारा
एक डोळा ते सांगतो, वायरीतून.
वायर गप्प झाली
की भरधाव गाडा जागच्या जागी घाबरतो.

व्हर्नॉन लिंडक्विस्ट, रात्रपाळी, अठ्ठावीस वर्षं.
माझा बिल्ला वाचायला घेतो
आणि तांबवेकरच्या मध्येच दमतो.
"टांब," म्हणतो, "त्या तिघांनी मला काही विचारलं नाही."
मी विचारलं.
"डावीकडे जाताना ती शिंकते."
(त्याच्या तोंडी यंत्र ती, माझ्या तोंडी ते.)
कधी?
"पावणेतीननंतर."
पावणेतीनला काय असतं?
"काही नसतं. ट्रक येतो."

त्या रात्री ट्रक आला नाही, हायवे बर्फानं बंद.
गाडा डावीकडे, उजवीकडे,
अकरा हजार फेऱ्या, एक शिंक नाही.
डॉक्टरच्या दारात ताप उतरावा तसा
साळसूद हिरवा दिवा.
बिघडलेलं यंत्र मला सोसतं.
बरं असल्याचं सोंग घेणारं नाही.

शेवटी व्हर्नॉननं ट्रकचं दार उघडलं,
ट्रक नसताना.
शटर वर गेलं आणि अख्खं इलिनॉय आत आलं.
आम्ही कानटोप्या ओढून उभे,
दोन शहाणीसुरती माणसं
अलार्मची वाट बघत.
चौदाव्या मिनिटाला, चारशे बारा मिलिमीटरवर,
एकतीस!
मी टाळी वाजवली. त्यानंही.
ऑफिसातून कुणी पाहिलं असतं
तर दोघांना घरी पाठवलं असतं.

गाडा तिथेच ठेवून
साखळीतल्या केबलचं वळण मी मुठीत धरलं,
हातमोजा काढून.
तळव्याची ऊब पोचायला वेळ लागला.
रिसेट. हिरवा.
मूठ सोडली, थांबले. लाल.
पुन्हा धरली. हिरवा.
मग ब्लेडनं कातडी सोलली:
आत एकोणीस तारा, एकोणीसही तुटलेल्या,
उबेत एकमेकींना टेकून काम निभावणाऱ्या,
थंडीत आवरण आखडलं
की तेवढंच अंतर पडणाऱ्या.
"काय आहे?" व्हर्नॉन वाकला.
तांबं, म्हटलं. माझ्या नावातलं.
त्याला कळलं नाही, पण हसला.

अहवालात "कारण" समोर एकच ओळ असते.
मी लिहिलं, केबल.
दार मावलं नाही, ट्रक मावला नाही,
व्हर्नॉनची शिंक मावली नाही.
नवी केबल ओवायला पहाटेचे पाच वाजले.

शटर मात्र खाली येईना.
त्याच्या पेटीवर पिवळा दिवा लुकलुकतोय,
बर्फ आत येतोय,
आणि व्हर्नॉन माझ्याकडे बघतोय.
मी पेटीला हात लावत नाही.
आधी सांग, म्हणते,
हे पहिल्यांदा कधी झालं,
आणि त्याच्या जरा आधी तू काय करत होतास?